कॉर्व्हेट की वायपर

ओहायोतल्या मोटारशर्यतींमध्ये नेडीन प्रेविटची उभी हयात गेली होती. गाडी किती पळतेय, हे तिला घड्याळाला कधी विचारावं लागलं नव्हतं. तिच्या पाठीलाच ते कळायचं.

तिच्या नवऱ्याची, क्लाइडची, कॉर्व्हेट होती आणि धाकट्या दिराची, ऑरिनची, वायपर. कुणाची गाडी सरस, यावरून वाद घालता घालता दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाला ताटातली टर्की गार व्हायची. शेवटी एका शरद ऋतूत दोघं भाऊ गाड्या घेऊन ट्रॅकवर आले. दोन्ही गाड्या नेडीननंच चालवायच्या असं ठरलं, कारण भावांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता.

कॉर्व्हेट तिनं आधी काढली. गाडी इतकी गुमान वळणं घेत होती की तिला जांभई यायची बाकी होती. मग वायपर. ती मात्र अंगावर आली. इंजिनच्या धगीनं पाय भाजत होते, मागची चाकं सुटू पाहत होती. नेडीन उतरली ती हेल्मेट काढतच.

"ऑरिनची जिंकली," ती म्हणाली.

क्लाइडनं घड्याळ पुढं केलं. कॉर्व्हेट जिंकली होती, तीही चांगल्या फरकानं.

"घड्याळ बिघडलंय तुझं," नेडीन म्हणाली.

"घड्याळ नाही, तू म्हातारी झालीस!" क्लाइड खिदळला.

"पुन्हा चालव," ऑरिन हट्टाला पेटला. "सांगतो ना, पुन्हा चालव!"

तिनं पुन्हा चालवल्या. या खेपेला कॉर्व्हेट तिनं जीव तोडून हाकली, आणि वायपर भीतभीत, हलक्या पायानं. घड्याळानं वायपरला जिंकवलं.

नेडीन ट्रॅकच्या भिंतीच्या कडेला जाऊन बसली. जोर लावला की हळू, जपून गेलं की जलद? मग इतकी वर्षं पाठ तिला काय सांगत होती? आपल्याला गाडी कळते म्हणजे नेमकं काय कळतं, हेच तिला कळेना.

"आता माझ्याच्यानं होणार नाही," ती म्हणाली. "किल्ल्या बदला. एकमेकांच्या गाडीत बसा आणि काय ते बघून या."

कुरकुरत दोघं गेले. एकेक फेरी मारून परतले.

"काय पळते रे तुझी!" उतरता उतरताच क्लाइड म्हणाला. "माझी तिच्यापुढं सोफा आहे नुसता."

"वेडा आहेस का?" ऑरिन उसळला. "तुझी कशी वळते, ठाऊक तरी आहे तुला? माझी म्हणजे निव्वळ बैल!"

"वायपरला नावं ठेवायची नाहीत हं!"

"तू कॉर्व्हेटला ठेवतोयस ते?"

दोघांचे आवाज चढले. ज्या गाडीला जन्मभर शिव्या घातल्या, तिच्यासाठी आता क्लाइड भावाच्या अंगावर धावून जात होता. दोघांनी एकदमच नेडीनकडं पाहिलं. "तू सांग, नेडीन!"

नवऱ्याची बाजू घ्यायची, तर ती आता कुठली, हेच तिला उमगेना. ती उठली आणि दोघांना तिथंच भांडत सोडून खिम्याचा तिखट रस्सा घातलेला हॉट डॉग आणायला निघाली.