साईडचं पंक्चर

कचरूने मोटरसायकलचं मागचं चाक मांडीवर आडवं घेतलं, ओल्या फडक्याने टायरवरची वाळलेली माती पुसली आणि त्याचा अंगठा एका जागी अडला. टायर साईडला, बगलेत, वीतभर फाटला होता. फाटलेल्या कडेला एक काळी रबरी पट्टी अजून चिकटून होती. पट्टीचं टोक तिरकं कापलेलं. एमआयडीसीच्या रस्त्यावर असं टोक कापणारा त्याच्याशिवाय दुसरा कोणी नव्हता.

"ओळखली का गाडी, काका?" टेम्पोतून गाडी घेऊन आलेल्या बाईने विचारलं. "बियाण्याच्या कंपनीत व्हते ते, प्रितम. मी त्यांची घरवाली. दीपमाला."

कचरू चाक बाजूला ठेवून उठला. दुकानासमोरून जाताना प्रितम रोज हात करून जयभीम घालायचा. त्याच्यासारखंच कचरू म्हणाला,

"जयभीम, ताई. बसा."

"चार महिने पोलीस ठाण्यात पडून व्हती. परवा सोडली. आता दीर चालवणार हायेत. नवा टायर टाकून द्या."

ती पत्र्याच्या डब्यावर बसली. कचरूने पान्हा उचलला.

कचरू तसा तोंडाचा फटकळ. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला की लोक तो रस्त्यातच उपटायचे, सगळी हवा घालवायचे आणि गाडी ढकलत दुकानात यायचे. मग कचरू त्यांची बिनपाण्याने करायचा. "अरे येड्या, खिळ्यानंच हवा धरली व्हती! तसंच हळूहळू आणायचं का न्हाई?" मधल्या जाड रबरातलं छिद्र तो पट्टी घालून नीट बुजवायचा, वर साबणाचं पाणी ओतून बुडबुडा येतो का ते बघायचा. साईडच्या छिद्राला मात्र हात लावायचा नाही. चाक फिरेल तशी टायरची बगल दबते, फुगते. तिथे पट्टी टिकत नाही. देव आला तरी साईडचं पंक्चर काढणार नाही, असं तो छातीठोकपणे सांगायचा.

चार महिन्यांपूर्वी एका शुक्रवारी देव आला नाही, प्रितम आला. भंगाराच्या ट्रकमधून पडलेल्या पत्र्याने साईड चिरली होती. घरी पोरगी तापाने फणफणलेली, गाव पंचवीस किलोमीटर लांब. त्याचं तोंड बघून कचरू विरघळला. पट्टी घातली आणि तीनदा बजावलं. फक्त घरापर्यंत जायचं. तीसच्या वर न्यायची नाही. टायर लगेच बदलायचा. पुढच्या आठवड्यात शनिवारी, हसनाबादच्या अलीकडे, भर वेगात टायर फुटला. कचरू प्रितमच्या मातीला गेला नव्हता. तीन दिवस त्याने दुकान उघडलं नव्हतं, एवढंच.

"एक विचारू का, काका?"

"विचारा ना."

"टायर बदला म्हणून तुम्ही त्यांना सांगितल्तं का?"

कचरूने पान्हा खाली ठेवला. हो म्हटलं की आपण सुटलो, हे त्याला कळत होतं. पण मग सगळं खापर गेलेल्या माणसाच्या माथी. बाई घरी जाऊन काय म्हणणार? सांगूनसुद्धा ऐकलं नाही, आपल्या पायाने गेला. मेलेल्याला जबाब देता येत नाही. आपण जिवंत आहोत, आपल्याला सोसेल. आणि पट्टी घातली होतीच ना याच हाताने?

"न्हाई," तो म्हणाला. "सांगायचं राहून गेलं, ताई. माझंच पाप. तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा."

तो मान खाली घालून उभा राहिला. शिव्या येतील, तळतळाट येईल, असं त्याला वाटलं होतं.

"खोटं बोलून राह्यलात, काका."

त्याने वर पाहिलं. दीपमाला शांत होती.

"त्याच संध्याकाळी घरी येऊन सगळं सांगितल्तं त्यांनी. तीसच्या वर नको, टायर लगेच बदलायचा, तुमचा शब्दन् शब्द. रविवारी सुट्टी व्हती, टायर घ्यायलाच निघाले व्हते. मीच म्हणले, आष्टीला बहिणीचा साखरपुडा हाय, आज तिकडं जाऊ. टायरला काय धाड भरली? पुढच्या रविवारी घेऊ. एक दिवस राह्यला व्हता, काका. शनिवारी गेले."

कचरूने बाजूला ठेवलेल्या चाकाकडे पाहिलं.

"घरात हे कोणालाच माहीत न्हाई. सासूबाई म्हणतात, नशीब. भाऊ म्हणतो, तू स्वतःला सांभाळ. सगळे जपून बोलतात, अन् मला श्वास घेता येत न्हाई. वाटलं, तुम्ही तरी तोंडावर म्हणाल, सांगितल्तं ना मी! तर तुम्हीबी जपूनच बोलले."

ती उठली, पदर सारखा केला. "द्या टायर टाकून. टेम्पोवाला थांबलाय."

"ताई," कचरू म्हणाला.

ती वळली. त्याने ओठांवरून हात फिरवला. रोज दहा जणांना झापणाऱ्या त्या माणसाला एवढं एक वाक्य जड झालं.

"सांगितल्तं ना मी? तीनदा सांगितल्तं. मंग का ऐकलं न्हाई, ताई?"

दीपमाला उभ्या जागी खाली बसली.

"चुकलं, काका," ती म्हणाली. "लई चुकलं माझं."

मग ती मोठ्याने रडायला लागली. टेम्पोवाला धावत आला, रस्त्यावरचे दोघेतिघे थांबले. गप रहा, असं कचरू तिला म्हणाला नाही.