तीन कॉलमांच्या बाहेर

वाचकहो, आपल्या घराघरांत सकाळी पेपर येतो. आपण तो वाचतो आणि मग शेजाऱ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघू लागतो. ही गोष्ट त्या पेपराची पानं लावणाऱ्याची आहे.

कचेरीत सगळे त्याला मोजपट्टी म्हणत. पान जुळवणं हे त्याचं काम, आणि बातमी कितीही मोठी असो, त्याच्या हातून ती अर्ध्या सेंटिमीटरनंही हलत नसे. त्याच्या घरी माडीवरच्या खोलीत अकरा वर्षं एक घड्याळवाले काका भाड्यानं राहत. ते बाहेरून आलेले. बंद पडलेली घड्याळं दुरुस्त करत, आणि त्यांची टिकटिक छतातून खाली झिरपत राही. त्या आवाजाशिवाय मोजपट्टीच्या मुलीला झोप येत नसे.

आता नवा नियम आला होता. बाहेरून आलेल्या भाडेकरूसाठी घरमालकानं शनिवारपर्यंत हमीपत्रावर सही करायची. सही नसेल, तर भाडेकरूनं पंधरा दिवसांत शहर सोडायचं. कोरं हमीपत्र आठवडाभर कपाटावर पडून होतं.

बायकोनं विचारलं, काकांनी आपलं काय वाकडं केलंय? तो म्हणाला, बाहेरच्यांबद्दल पेपरात रोज येतंय ते काय उगाच? आपण कशाला हात पोळून घ्यायचे?

"त्या पेपराची पानं लावतं कोण?" ती म्हणाली. "तुम्हीच ना?"

त्यानं कपाटावरच्या हमीपत्राकडे एकदा पाहिलं. पण सही काही केली नाही.

शुक्रवारी दुपारी बाहेरच्यांच्या लोंढ्याची पुन्हा तीच बातमी आली आणि तिच्यासाठी नेहमीचा तोच फोटो हवा होता: गाठोडी घेतलेल्या माणसांची न संपणारी रांग. बाहेरच्यांची बातमी आली की हा फोटो लागायचाच. पण कॉम्प्युटरमधली प्रत उघडेना, म्हणून तो मूळ फोटो शोधायला तळघरात गेला. तिथल्या जुन्या फोटोंची राखण एक मावशी करत. त्यांनी पाकीट शोधून दिलं आणि स्वतः चहा करायला उठल्या.

फोटोवर एक उभी लाल रेघ होती. त्यानंच कधीतरी तीन कॉलमांसाठी मारलेली; तिच्या उजवीकडचा भाग कापून फोटो छापला जायचा. तेव्हा त्याची नजर मोजपट्टीवर होती, माणसांवर नव्हती. आज झरोक्यातून उन्हाची तिरीप नेमकी रेघेच्या उजवीकडे पडली होती, आणि त्या उबेत त्याचे डोळे जड झाले.

रांग हळूहळू चालू लागली. माणसं लाल रेघ ओलांडून पलीकडे गेली. तिकडे एक लांब टेबल होतं, पाण्याचे माठ होते, आणि पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातला एक माणूस डाव्या हातानं पेला पुढे करत होता. रांगेतल्या पहिल्या म्हाताऱ्यानं भीत भीत विचारलं, सही कुठे करू? तो माणूस हसला.

"आधी पाणी प्या," तो म्हणाला.

मोजपट्टी दचकून जागा झाला. रांग जागच्या जागी उभी होती. पण टेबल खरं होतं, माठ खरे होते, आणि पट्ट्यांचा शर्ट घातलेला तो डावखुरा माणूस... ते त्याचे बाबा होते!

त्यानं फोटो उलटून पाहिला. फोटोच्या मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं: धरण फुटल्यावर नदीपलीकडून आलेली माणसं. शहरानं पाणी दिलं. तारीख बत्तीस वर्षांपूर्वीची.

"मावशी, बाबांना मीच कापलं," तो म्हणाला.

मावशींनी चहा त्याच्यापुढे ठेवला. "तीन कॉलमांत बसत नव्हते रे. मलाही कधी मागं उलटून बघावंसं वाटलं नाही. आपण नुसती गर्दी दाखवली. नियम करणारेही सकाळी आपलाच पेपर वाचतात. ते घाबरले, त्यांनी नियम केला. नियम आला म्हणून लोक म्हणाले, काहीतरी असल्याशिवाय का? आणि आपण पुन्हा तोच फोटो लावला. कोणीतरी कुठेतरी थांबायला हवं."

त्यानं फोटो पाच कॉलमांत, अख्खा लावला. खाली तारीख घातली आणि मागचा मजकूर जसाच्या तसा. संपादक जागा जास्त गेली म्हणून बरेच कुरकुरले, पण फोटोकडे पाहता पाहता त्यांचा आवाज खाली येत गेला.

संध्याकाळी तो घरी आला, तर घर विचित्र शांत होतं. माडीवर काकांनी एकेक घड्याळ बंद करून कापडात गुंडाळलं होतं. कपाटावरचा कोरा कागद त्यांनी केव्हाच पाहिला होता.

त्यानं हमीपत्रावर सही केली, पेला भरला आणि जिना चढला. काका गडबडून उठले, म्हणाले, उद्या सकाळीच निघतो, तुम्हाला त्रास नको.

"कागद झालाय," तो म्हणाला. त्यानं पेला पुढे केला. "तुम्ही आधी पाणी प्या."

काका पाणी प्यायले. मग त्यांनी एक घड्याळ उलगडून किल्ली दिली, मग दुसरं. खाली मुलगी केव्हा झोपली, कळलंही नाही.

नियम अजून तसाच आहे, वाचकहो. एका फोटोनं तो बदलत नाही. पण उद्या पेपरात अशी रांग दिसली, तर कडेला काय कापलंय ते एकदा विचारा. कदाचित तिथे तुमचंच कोणीतरी पाणी घेऊन उभं असेल.