गॅदरिंगमधली पारबती

शनिवारी सकाळी परसरामनं भात उतरवला, मुलीला वाढला आणि आपणही घेतला. त्याची बायको पार्वताबाई हिला जाऊन पाच महिने झाले होते. त्याला रडू येत नव्हतं. भूकही लागत नव्हती. वेळ झाली की तो जेवायचा आणि वेळ झाली की वैनगंगेचा पूल ओलांडून भंडाऱ्याच्या कॉलेजात जायचा. तिथं तो चपराशी होता. गॅदरिंगच्या नाटकाचा पडदा दरवर्षी तोच ओढायचा.

जेवण चालू असतानाच अंगणात सायकल थांबली. शेवटच्या वर्षाचा हिरालाल आला होता. नाटक त्यानंच बसवलं होतं.

"परसराम, तुह्या बाईचं ते हिरवं लुगडं हाये ना? मागल्या साली मी चादर गुंडाळून पारबती केली, मजा नाई आली. औंदा अस्सल पाहिजे."

नाटक मागल्या वर्षीचंच होतं. कॉलेजची चार पोरं जीप घेऊन नागझिऱ्याला निघतात आणि वाटेत दिसेल त्याची टिंगल करतात. कारध्याच्या पुलाजवळ जीप बंद पडते. तिथं पारबती उकडलेले शिंगाडे विकत बसलेली असते. पोरं तिच्या पदरावरून नको ते बोलतात, पोटभर शिंगाडे खातात, मग तिची जात विचारतात आणि ती कळताच चौघंही ओकत सुटतात. इथं सभागृह हसून लोळायचं. त्या पुलाजवळ शिंगाडे विकणारी बाई कोण, हे भंडाऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

"आणतो," परसराम म्हणाला आणि त्यानं पेटी उघडली. कोणी काही मागितलं की तो 'आणतो' म्हणायचा.

"बाबा, देऊ नोका." मालन ताटावरून उठली होती. ती त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला होती, पण दहा दिवसांपासून घरीच होती.

"लुगडंच त हाये, बाई. तुही माय बी आली होती पाहाले. हसली असन."

"तुमी पडद्यामांगं होते. मी तिच्या बाजूले होती. सारे वळून तिच्याकडं पाहून राहिले होते, म्हणून तिनं दात दाखवले. घरी येऊन टोपली घासली, दोनदा. मंग पुलावर बसनंच सोडलं."

"गुडघे दुखत होते तिचे."

"तुमाले तसं सांगतलं तिनं. अना मी काहून जाऊन नाई राहिली कॉलेजात? शिंगाडा म्हणतेत मले. वर्गात गेली का ओकाऱ्या काढतेत."

परसराम पेटीजवळ उभा राहिला. पडदा ओढता ओढता तोही हसला होता, हे त्याला आठवलं. मग त्यानं पेटी बंद केली.

"लुगडं नाई भेटत, हिरालालजी. पडदाबी मी नाई ओढत."

"अरे, गंमत असते ते! कायले मनावर घेतं? आता प्राचार्यसाहेबाले काय सांगू?"

"हेच सांगा."

"मंग दुसरा ओढन."

"ओढू द्या."

दुपारी नाटक झालंच. हिरालाल पुन्हा चादर गुंडाळून बसला. शिंगाडे खाऊन झाले, जात विचारून झाली, पोरांनी पोटं धरली, तेव्हा मागच्या रांगेत मालनजवळ बसलेला परसराम उठला.

"हिरालालजी, मॅट्रिकले होते तवा तुमी कारध्याच्या पुलाजवळ रोज बसची वाट पाहत होते. रोज माह्या बाईच्या टोपलीतले शिंगाडे खात होते. कवा ओकले होते, सांगा."

"बस खाली, बुढ्या!" कोणीतरी ओरडलं. परसराम बसला नाही. मालनही उठून त्याच्याजवळ उभी राहिली. हसणं एकदम थांबलं नाही; मागून पुढं एकेक रांग गप्प होत गेली. हिरालालला पुढचं वाक्य आठवेना. आतून दोनदा सांगितलं गेलं, तरी तो टोपली धरून तसाच बसला. शेवटी कोणीतरी "पडदा पाडा" म्हणालं, तर नव्या माणसाला दोर सापडेना.

पुढच्या रांगेत प्राध्यापक होते, वकील होते, सुधारणेवर भाषणं देणारे पाहुणे होते. त्यांतलं कोणीही उठलं नाही. वाचणाऱ्यानं आपण त्या दिवशी कुठं बसलो असतो, ते स्वतःशी ठरवावं.

सोमवारी मालन कॉलेजात गेली. त्या दिवशी तिला कोणी काही म्हटलं नाही. मंगळवारी एकानं म्हटलं. बुधवारीही ती गेली.