पाहुण्या डॉक्टरणीचा हुकूम

"आली बळीची बकरी!" आत्या ओरडली आणि सोफ्यावर पाय वर घेऊन सरसावून बसली.

टीव्हीच्या पडद्यावर अंतराळयानाचं दार उघडलं होतं. आत आलेली डॉक्टरीण याआधी कधी दिसली नव्हती, म्हणजे ती या एका भागापुरतीच. या घरात ही मालिका बघायची रीतच होती. नवा चेहरा आला, की तो मरणार, फितूर निघणार की माफी मागून जाणार, यावर पैज.

"माफी," बाबा म्हणाले. ते मान उशीला टेकवून ताठ बसले होते, कारण मान वळली की घर फिरायचं. त्यांचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. इमारतीच्या पोटातल्या अंधाऱ्या विहिरीत, दोरांच्या मधोमध उंच उभं राहायचं. काल शिडी उतरताना त्यांची पायरी चुकली होती. त्यांची नवी बायको दवाखान्यात नर्स. तिनं सकाळीच बजावलं होतं, ही चक्कर कानामुळे असेल, कान दाखवल्याशिवाय वर चढायचं नाही.

"वहिनी, तुम्ही आत्ता आलात. दादा कधीपासून चढतोय," असं म्हणून आत्या हसली होती. बाबांची मुलगीही हसली होती. उद्याचं काम ठरलेलंच राहिलं.

आता पडद्यावर कप्तानाचे हात थरथरत होते. डॉक्टरणीनं नाडी बघितली आणि सांगितलं, सुकाणू सोडा. खलाशी फिदीफिदी हसले. कप्तानानं तसंच यान उल्कांच्या पावसातून सुखरूप बाहेर काढलं, आणि डॉक्टरीण मान खाली घालून म्हणाली, "मी चुकले."

"ह्याला म्हणतात कप्तान!" आत्यानं टाळीसाठी मुलीपुढे हात केला.

मुलीनं टाळी दिली नाही. "हा काय चावटपणा? पहिल्याच भागात ह्यांनीच सांगितलंय, आजारपणात डॉक्टरचा शब्द शेवटचा. जुने डॉक्टर म्हणाले तेव्हा हाच कप्तान सुकाणू सोडून मुकाट बाजूला झाला होता!"

"ते घरचे होते गं. ही काल आलेली."

"म्हणजे हुकूम नियमाचा नाही, ओळखीचा?"

"पण वाचला ना तो!"

"नशिबानं वाचला, आत्या! नशिबानं वाचला म्हणून शहाणा ठरला? पुढच्या आठवड्यात ही बाई नसणार, म्हणून तिला काहीही करायला लावायचं!"

नर्स दाराशी स्टुलावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातला शर्ट तिनं मांडीवर ठेवला.

"नाडी तिनं धरली. थरथर तिनं बघितली. सगळे हसत असताना खरं तिनं सांगितलं. आणि माफीही तिनंच मागायची?"

"अहो वहिनी, गोष्ट आहे ती!"

"म्हणूनच जास्त राग येतो, वन्सं. कुणीतरी बसून, विचार करून लिहिलंय हे."

बाबा हसले. "बरं बाई, डॉक्टरीण बरोबर. उद्याची एवढी लिफ्ट होऊ दे, मग माझंही बघू."

मुलगी त्यांच्याकडे वळली. "बाबा, आत्याकडे बघा."

"का?"

"बघा तर."

त्यांनी मान वळवली. हातानं सोफ्याची कड घट्ट धरली, डोळे मिटले, ओठ पांढरे पडले.

"ऐका ना," मुलगी नर्सला म्हणाली. तिला काय म्हणून हाक मारायची, हे तिचं अजून ठरलेलं नव्हतं. "मुकादमांना मी फोन लावू?"

"तू नको, मीही नको. ज्यांना चक्कर येते त्यांनी लावावा."

बाबांनी लावला. "उद्या वर चढत नाही मी. खालचं काही असेल तर दे." पलीकडून मोठ्यानं काहीतरी आलं, हसणंही आलं. "नाही रे, बायको म्हणते म्हणून…"

नर्स बघत होती.

"…म्हणजे, चक्कर येते मला," ते म्हणाले. "ती सकाळीच म्हणाली होती. बरोबर म्हणाली होती."

त्यांनी फोन ठेवला. आत्या पुटपुटली, "एवढं काय ते. जरा कानात वारं गेलं असेल."

"गेलं असेल," नर्स म्हणाली. "सकाळी कानाच्या डॉक्टरांना विचारू. मी सोबत येणार आहे. आणि बाहेर बाकावर पिशवी सांभाळत बसणार नाही, आत येणार आहे."