फुआतिनोचा दाब

ऑकलंडहून आलेल्या भाच्याने, पेलेनातोने, बॅगेतून काळ्या चॉकलेटचा खोका काढला आणि सालाइनाच्या कपाळाला आठी पडली. सावाई बेटावर घरामागे कोकोची झाडं उभी असताना हा शहाणा विकतचा कोको घेऊन आला होता.

"पंचाऐंशी टक्के कोको आहे, आत्या. रक्तदाब उतरतो. फुआतिनो आत्याने रोज चार तुकडे खायचे. मीठ मात्र बंद."

"हिचा दाब कधी बघितलास?"

"चक्कर येते ना? म्हणजे वाढलेलाच. आपल्या गावात सगळ्यांचाच वाढलेला असतो."

सालाइनाची थोरली बहीण फुआतिनो लहानपणापासून उठताना खांब धरायची. आई आधी तिला माशाचं खारट सार द्यायची, मग घरी भाजून कुटलेला कोको, भरपूर साखर घालून. त्या वासाने शेजारची पोरंही वाटी घेऊन यायची. हे काळं फळकुट मात्र जिभेवर कोळशासारखं लागत होतं. पण कुणी प्रेमाने आणलेलं त्याच्यासमोर खायचं, ही गावची रीत. फुआतिनो रोज चार तुकडे खात राहिली आणि सारही बिनमिठाचं पीत राहिली.

पाचव्या दिवशी, रविवारी, चर्चमध्ये गाण्यासाठी सगळे उभे राहिले आणि फुआतिनो बाकावर कोसळली. भुवई फुटली.

दवाखान्यातल्या नर्सने दंडाला दाब मोजायचा पट्टा बांधला. वरचा आकडा ब्याऐंशी, खालचा पन्नास.

"नुसत्या चॉकलेटने कुणी असं पडत नाही," ती म्हणाली. "ते दाब जरासाच उतरवतं. पण हिचा मुळातच तळाला, त्यात तुम्ही मीठ तोडलंत. आणखी कुठे उतरवायचा होता?"

"मी वाचलं होतं की..." पेलेनातो पुटपुटला.

"वाचलंस," सालाइना म्हणाली. "बारा वर्षं तिकडे राहिलास, पण दंडाला पट्टा बांधून बघायचं तुला सुचलं नाही."

घरी येताच सालाइनाने चॉकलेटचा खोका उचलून पेलेनातोच्या मांडीवर ठेवला. भेट परत करणं म्हणजे भावाच्या घराशी बोलणं तोडणं. धाकटा भाऊ मोठा मानी, वर्षभर फोनसुद्धा करणार नाही, हे ती जाणून होती.

"बाबांना काय सांगू?"

"मी परत केला म्हणून सांग. फुआतिनोचं नाव घेऊ नकोस."

"अगं, पोराचा अपमान कशाला करतेस?" चटईवरून फुआतिनो म्हणाली.

"तू गप्प पडून राहा," सालाइना म्हणाली आणि चुलीवरच्या सारात मीठ टाकायला वळली.