पोटात पोस्टर अडकले

मित्रांनो, मी एक जुने पुठ्ठ्याचे नळकांडे आहे. लांबी एकशे दहा सेंटीमीटर, झाकण एक, बूड कायमचे बंद. त्या सकाळी माझ्या पोटात एक पोस्टर, चार टाचण्या आणि एक जुनी चादर होती. चादर तिथे असायला नको होती.

कापडाचे तागे गुंडाळण्यासाठी मला बनवले होते. पुढे प्रयोगशाळेतल्या बाईंनी मला उचलून आणले. नऊ विद्यार्थ्यांची पोस्टरे मी परिषदांना नेली. कौतुक पोस्टरांचे व्हायचे. मी टेबलाखाली पडून असायचे.

दहावी विद्यार्थिनी म्हणजे प्रयोगशाळेतली आमची धाकटी. तिची ही पहिलीच परिषद. "एवढी वर्षभराची मेहनत, सुरकुती नको गं पडायला," म्हणत तिच्या आईने पोस्टरभोवती चादर गुंडाळली आणि मला ठासून भरले.

परिषदेच्या दालनात धाकटीने पोस्टर ओढले. ते हलेना. चादरीचा आत गोळा झाला होता. ती जितके ओढी, तितका तो माझ्या पोटात घट्ट बसे. दोन फलकांमधल्या हातभर जागेत ती घामाघूम उभी होती. पळावे तर समोरून परीक्षक येत होत्या. काही दाखवता आले नाही, तर नाव बाद.

शेजारच्या फलकावरचा मुलगा म्हणाला, "ताई, नळकांडंच टाचा फलकावर!"

तेवढ्यात परीक्षक पोहोचल्या. "पोस्टर कुठंय?"

"आत अडकलंय, मॅडम."

"मग बाहेर काय आहे?"

"यंत्र आहे." बंद पाइप कुठे तुंबला आहे, ते टकटक करून आवाजावरून सांगणारे यंत्र तिने बनवले होते. बोलता बोलता तिने माझ्याकडे पाहिले. "अहो, हाही तुंबलेला पाइपच की!"

तिने यंत्राचा कान, म्हणजे आवाज टिपणारी चकती, मला चिकटवला. मग ती पेन्सिलीने माझ्यावर टकटक करत गेली. एका ठिकाणी ती थांबली.

"गोळा तोंडापासून चौसष्ट सेंटीमीटरवर आहे."

"कशावरून?"

"चिरूनच बघू की," म्हणत फलक उभारणारे सुतारकाका चाकू घेऊन पुढे आले. धाकटीने मला छातीशी धरले. "बाईंचं आहे हो. ओरडतील."

"ओरडू देत. नळकांडं दुसरं मिळेल, पोरी."

तिने मला खाली ठेवले.

मित्रांनो, आता मी उभे चिरलेले, प्रयोगशाळेच्या कपाटावर असते. वस्तूंना जरूर जपा, माणसांनाही जपा. पण बोटभर जागा सैल सोडा.

त्या दिवशी काकांनी मला उघडल्यावर परीक्षकांनी स्वतः मोजपट्टी लावली. चादरीचा गोळा पासष्ट सेंटीमीटरवर होता.