डावी गाठ

"मी काही म्हणत नाही, भाऊ. पुस्तकच काय ते बोलतंय," असं म्हणून उस्तादांच्या पुतण्याने जाडजूड शब्दकोश डावऱ्यासमोर टेबलावर ठेवला. ठेवताक्षणी पानांचा अर्धा गठ्ठा पुठ्ठ्यातून बाहेर सरकला.

डावऱ्याने हिरवं कापड लगेच ओळखलं. आठ वर्षांपूर्वी शाळेतल्या बाईंसाठी त्यानेच हा शब्दकोश बांधला होता.

"बाई फार चिडल्यात. मी म्हटलं, जाऊ द्या हो, साधा माणूस आहे. काकांनी इतकी वर्षं सांभाळून घेतलं, आपणही घेऊ."

काका म्हणजे उस्ताद. बाइंडिंगचं दुकान त्यांचं. त्यांना जाऊन चार महिने झाले होते. मूलबाळ नव्हतं. दुकान आणि मागची खोली ते डावऱ्याच्या नावावर करून गेले, आणि या सख्ख्या पुतण्याने त्या मृत्युपत्राला हरकत घेतली. डावऱ्या तीस वर्षांपूर्वी दूरच्या मुलखातून एक पिशवी घेऊन आला होता. त्याच्या बोलण्यातला हेल अजून गेला नव्हता आणि गल्लीचं त्याला 'तो बाहेरचा' म्हणणंही. डाव्या हाताने शिवतो म्हणून उस्तादांनी डावऱ्या म्हटलं, तेच नाव झालं.

पुतण्याने कधी आवाज चढवला नाही. आठवड्यातून दोनदा यायचा, स्टूल ओढून बसायचा आणि तब्येतीची चौकशी करायचा. शब्दकोश आणण्याआधी असंच एकदा तो म्हणाला,

"कोर्टात पहिलं हेच विचारतील, भाऊ, तुम्ही त्यांचे कोण? काय सांगाल?"

"कामाला होतो."

"बरं. मग विचारतील, काम कसं होतं? काका मला एकदा म्हणाले होते… जाऊ दे. गेलेल्या माणसाचं बोलणं कशाला उकरायचं."

"काय म्हणाले होते?"

"नको हो. तुम्हाला लागेल."

तीन दिवस डावऱ्याला अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी त्यानेच पुन्हा विचारलं, तेव्हा पुतण्याने नाइलाज झाल्यासारखा सुस्कारा सोडला. "म्हणाले, डावऱ्याचा हात कच्चा आहे रे. पण आता या वयात हाकलू कुठे त्याला?"

हे वाक्य काट्यासारखं रुतलं. कारण उस्तादांनी तीस वर्षांत एकदाही शाबासकी दिली नव्हती. डावऱ्याने बांधलेलं पुस्तक ते हातात घेत, उलटसुलट करून बघत, "हं" म्हणत आणि फळीवर ठेवून देत. बस्स, हं. त्या 'हं'चा अर्थ डावऱ्याने आजवर कधी शोधला नव्हता. आता रोज शोधायला लागला, आणि रोज तो आदल्या दिवसापेक्षा वाईट निघायला लागला.

झालेलं काम तो उसवून पुन्हा शिवू लागला. समोरची शिलाईवाली मशीन थांबवून ओरडायची, "काय डावरेभाऊ, शिवताय की उसवताय? मी असं केलं असतं तर माझी गिऱ्हाइकं उघडी हिंडली असती!" एरवी तो हसला असता.

आणि आता हा शब्दकोश. दुसऱ्या कुणी बांधलेलं पुस्तक आलं की डावऱ्या आधी त्याची पाठ उघडून बघायचा, नेमकं कुठे बिघडलंय ते. या पुस्तकाकडे त्याला बघवेना. कागदात गुंडाळून त्याने ते टेबलाखाली सारलं.

"हक्कसोडपत्रावर एक सही करा आणि सुटा," पुतण्या म्हणाला. "मग कुणी तुम्हाला काही विचारणार नाही. कामाला मी ठेवीनच. म्हणजे, बघू."

कचेरीतल्या साहेबाने विचारलं, "राजीखुशीने ना?" डावऱ्याने पुतण्याकडे पाहिलं. पुतण्याने मान हलवली. मग डावऱ्या म्हणाला, "हो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किल्ली द्यायची होती. हातातलं सगळं काम संपलं, फक्त शब्दकोश उरला. दुपारी त्याने तो बाहेर काढला, पाठ ओली केली, जुना सरस खरवडला आणि तसाच थांबला.

झिजून तुटलेला दोरा आधी विसविशीत होतो, त्याची टोकं पिंजल्यासारखी दिसतात. इथे शिलाईच्या पाचही ठिकाणी दोरा एका रेषेत तुटला होता, टोकं सरळ. बाकीचा दोरा इतक्या वर्षांनी पिवळा पडलेला, आणि तुटल्या जागी आतून पांढराशुभ्र. शेवटची गाठ मात्र जागच्या जागी होती. डाव्या हाताची, उलट्या वळणाची. त्याने सुईचं टोक घालून पाहिलं. ती तसूभर हलली नाही.

बराच वेळ तो गाठीवर अंगठा ठेवून बसला. मग सुईत नवा दोरा ओवला.

पुतण्या आला तो नवं कुलूप घेऊनच. "झालं का, भाऊ?"

"एक गाठ राहिलीय." डावऱ्याने ती मारली, दोरा कापला. "जुना दोरा झिजला नव्हता. कापलाय कुणीतरी. सुरीने."

पुतण्या हळूच हसला. "तुमचं मन थाऱ्यावर नाही हल्ली. काहीही दिसतं तुम्हाला."

या वेळी डावऱ्याने मान खाली घातली नाही. "गाठ माझी आहे. ती सुटली नव्हती."

"बरं, नव्हती. सही तर झालीय ना?"

"झालीय."

पुतण्याने तळहात पुढे केला. डावऱ्याने त्यावर किल्ली ठेवली आणि किल्लीवर कापलेल्या दोऱ्याचे तुकडे. मग पिशवी खांद्याला अडकवून त्याने शब्दकोश उचलला.

"तो राहू दे!" पुतण्या घाईघाईने म्हणाला. "बाईंना मी देतो."

"माझं काम आहे. मीच देतो."

शिलाईवालीने मशीन थांबवलं. पिशवी पाहून तिला थट्टा सुचेना. "जमलं का पुस्तक?" तिने नुसतंच विचारलं.

डावऱ्याने एका पुठ्ठ्याला धरून शब्दकोश हवेत उलटा टांगला आणि जोराने झटकला. एक पान हललं नाही. मागे नवं कुलूप कट्कन लागलं. त्याने वळून पाहिलं नाही. पुस्तक दोन्ही हातांत घेऊन उलटसुलट करून बघितलं.

"हं," तो म्हणाला.